उजेडापुरते फोटो

सहा वाजले, टेबलावरची काळी डबी घुरघुरायला लागली आणि शेषाद्रीराव नेहमीप्रमाणे उठून ओसरीकडे निघाले.

“अप्पा, बसा,” नित्या म्हणाली. “रोज सहाला उठून जातां. काय आहे त्या डबींत?”

“कांही नाही. कॉपी होतें.”

ती बॅकअपची डबी नित्यानेच अकरा वर्षांपूर्वी जोडून दिली होती. तेव्हा ती कॉलेजात होती. तिरुविडैमरुदूरच्या एका अख्ख्या लग्नाचे फोटो कॉम्प्युटरच्या पोटात गडप झाले होते आणि वधूचा बाप दिवसभर स्टुडिओच्या पायरीवर बसून राहिला होता, एक शब्द न बोलता. शेषाद्रीरावांना शिव्या चालल्या असत्या. मग नित्याने सोय केली. निवडलेल्या फोल्डरमधले नवे फोटो रोज संध्याकाळी सहाला आपोआप डबीत उतरायचे, आणि कॉम्प्युटरवरून पुसले तरी डबीतले तसेच राहायचे. “कोणते फोल्डर घालूं?” तिने विचारलं होतं. अप्पांनी एकाच नावापुढे खूण केली, ‘कल्याणम्’. म्हणजे गिऱ्हाइकांची लग्नं. खालीच ‘घर’ नावाचा फोल्डर होता, तो सोडला. घरचे फोटो मागायला कोण येणार आहे, असं त्यांचं साधं गणित.

त्यांची बायको अंबुजा गेली तेव्हापासून मात्र ती घुरघुर त्यांना सोसेना. सहाला ती कॉफी करायची आणि डबीचा आवाज स्वयंपाकघरातल्या आवाजांत मिसळून जायचा. आता घरात दुसरा आवाजच नव्हता. कुणी न सांगता, कुणी हात न लावता, ठरल्या वेळी कोणीतरी येऊन काम करतंय आणि काम संपल्यावर निघून जातंय, असं वाटायचं. डबीचा निळा दिवा लुकलुकायला लागला की त्यांच्या मानेवर काटा यायचा. कुंभकोणमच्या अर्ध्या गावाच्या मयतीचे फोटो काढलेला हा माणूस. भीती वाटते म्हणून कुणाला सांगणार? ते आपले उठून बाहेर जायचे.

आज जायची सोय नव्हती. महिन्यावर नित्याचं लग्न आलं होतं आणि त्याआधी घरात सुवासिनींचं जेवण करायचं होतं. नवऱ्यामागे न राहता अहेव गेलेल्या घरच्या बायकांना कार्याआधी बोलवायचं, पाटावर नवं नऊवारी पातळ ठेवायचं, मागे फोटो, पुढे केळीचं पान, अशी रीत. पातळ तिरुभुवनम्‌हून आलं होतं. फोटो नव्हता. आठवड्यापूर्वी कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली आणि ‘घर’ तिच्याबरोबर गेलं. दुरुस्तीवाल्या महालिंगने नवी डिस्क बसवली, डबी पुन्हा जोडली आणि जुनी कागदात गुंडाळून परत आणून दिली. पैसेही घेतले नाहीत, त्यावरूनच काय ते कळलं.

“कुंभकोणांतला मोठा फोटोग्राफर, आणि बायकोचा एक फोटो घरांत नाही!” शेषाद्रीरावांची थोरली बहीण गंगाबाई सकाळीच बोलून गेली होती. तिचं खोटं नव्हतं. नित्याच्या फोनमध्ये फक्त इस्पितळातले दोन फोटो होते, नाकात नळी घातलेले. लग्नाचा जुना अल्बम होता, पण त्यातली अंबुजा एकोणीस वर्षांची. “ही माझी धाकटी बहीण दिसते,” नित्या म्हणाली होती. “हिला मीं अम्मा कशी म्हणूं?”

आता तिने अप्पांची खुर्ची ओढली आणि स्वतःच डबी उघडली. “एकाद्या लग्नांत अम्मा मागें कोठें तरी उभी असेलच की. बघूं.”

तिने पहिल्याच लग्नाचा पहिला फोटो उघडला.

वधूच्या जागी अंबुजा बसली होती. साधं सुती पातळ, हातात दुसऱ्या कुणाची तरी पर्स, नजर सरळ कॅमेऱ्याकडे. दुसऱ्या फोटोतही तीच. तिसऱ्यातही. चौथ्यात खरी वधू.

शेषाद्रीराव विसरूनच गेले होते. मदतनीस ठेवायला नको म्हणून ते अंबुजाला बरोबर न्यायचे. ती दिवे धरायची, वधूच्या निऱ्या नीट करायची. आणि वधू येण्याआधी ते तिला वधूच्या जागी बसवून उजेड तपासायचे. सवाष्ण बसलेली चांगलीच, कुणाची हरकत नसे. “हनुवटी वर. हालूं नको. सेरी, ठीक आहे, ऊठ.” झालं. लग्नं सकाळची, दुपारी घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी निवडायला बसले की ते पहिले तीन-चार पुसून टाकायचे. पण मधे सहा वाजून गेलेले असायचे. डबीने रोज आपलं काम केलं होतं.

नित्या एकेक फोल्डर उघडत गेली. प्रत्येक लग्नात आधी अम्मा. तीनशे-साडेतीनशे लग्नं. कुठे डोळे मिटलेले, कुठे जांभई, कुठे कंटाळा. केस पांढरे होत चाललेले. ती रडत होती आणि हसतही होती. शेषाद्रीरावांना मात्र हसू येईना. प्रत्येक फोटोत अंबुजा त्यांच्याकडेच बघत होती, आणि त्यांनी एकदाही तिच्याकडे बघितलं नव्हतं. बघितला होता तो उजेड.

“पुरे आतां,” ते म्हणाले. “ह्यांतला एक घे.”

“थांबा की, शेवटचीं राहिलीं.”

पुढचं लग्न आडुतुरैचं होतं. फोटो उघडला. अंबुजाचा चेहरा पिवळा होता. गळा पिवळा, हात पिवळे, आणि डोळ्यांचं पांढरं, तेही हळदीच्या पाण्यासारखं. पुढच्या फोटोत पिवळेपणा जरा कमी. तिसऱ्यात चेहरा जवळजवळ नेहमीसारखा, पण मागची पांढरी भिंत निळी झालेली.

नित्याचा हात थांबला. “अप्पा, हें केव्हांचं?”

“तै महिन्यांतलं.”

“डॉक्टरकडे आपण चित्तिरैंत गेलों, तीन महिन्यांनीं. दोन महिने आधीं आलां असतां तर, असें म्हणाले ते.”

“हो.”

“तुम्हांला दिसलें नाही?”

खोटं बोलायला त्यांना एक क्षण मिळाला होता. तो त्यांनी घेतला नाही.

“दिसलें,” ते म्हणाले. “म्हणून तर रंग बदलला. मंडपाच्या दिव्यांचा पिवळेपणा असें वाटलें. कॅमेऱ्यांत निळा वाढवीत गेलों, ती नीट दिसेपर्यंत. मग वधू येऊन बसली, तर वधूच निळी यायला लागली. मीं कॅमेऱ्याला शिव्या घातल्या.”

नित्या पुन्हा स्क्रीनकडे वळली. त्यापुढची पाच लग्नं तिने एकामागून एक उघडली. पाचही ठिकाणी तेच. आधी पिवळी अंबुजा, मग कमी पिवळी, मग ठीक. आडुतुरै धरून सहा वेळा त्यांनी तिला बरी केली होती.

डबी केव्हाच शांत झाली होती. शेषाद्रीरावांना वाटलं, पोरीने ओरडावं, काहीतरी फेकून मारावं. तिने फक्त मागे जाऊन तिरुभुवनम्‌चं एक जुनं लग्न काढलं. “हा द्या.”

त्या फोटोत अंबुजा कशाला तरी हसली होती आणि हसताना मान हलली होती. चेहरा फिसकटलेला.

“हा हाललाय, कण्णु. शेजारचा स्वच्छ आहे.”

“हाच.”

जेवणाच्या दिवसापर्यंत ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. गंगाबाईने फोटो बघून नाक मुरडलं, “अय्यो, चेहरा कोठें आहे हिचा?” पण शेषाद्रीराव म्हणाले, “असूं दे, अक्का,” आणि तिने पुढे वाद घातला नाही. पाच सवाष्णी जेवल्या, विडा घेऊन गेल्या. फोटोपुढच्या पानावरचं घरच्या मुलीने खायचं असतं. नित्या त्या पानावर बसली आणि भात, पच्चडी, पोळी, सगळं सावकाश संपवलं, कुणाकडे न बघता.

ती हात धुवायला मागच्या दारी आली तेव्हा शेषाद्रीरावांनी तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी घातलं. दुपारचं ऊन विहिरीच्या काठापर्यंत आलं होतं. हात धुवून ती आत जाईल असं त्यांना वाटलं होतं.

“अप्पा, इकडे या. उजेडांत.”

ते दोन पावलं पुढे झाले. तिने ओल्या हाताने त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं आणि अंगठ्याने डोळ्याखालची कातडी खाली ओढली. एका डोळ्यात बघितलं, मग दुसऱ्यात. पुन्हा पहिल्यात. उन्हाने डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी शेषाद्रीराव रिकामा तांब्या धरून तसेच उभे राहिले, तिचं बघून होईपर्यंत.