खिशातली झडप

पंप पुन्हा सुरू झाला. गाडीत कोणी नव्हतं, नळ उघडा नव्हता, तरी आतून घर्र आवाज आला, थोडा वेळ चालला आणि आपोआप थांबला. मी अंगणात कपडे धूत होते.

"अहो, ऐकलंत का? तुमची राणी पुन्हा घोरतेय."

आमचे हे पायरीवर चहा पीत बसले होते. जन्मभर लोकांच्या घरचे पंप दुरुस्त केले, त्यामुळे सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात. रागावले की मीसुद्धा. राणी म्हणजे आमची जुनी मिनीबस. काम सोडलं की तिच्यातच संसार मांडून दोघांनी हिंडायचं, हे गाजर लग्न झाल्यापासून मला दाखवलेलं. आता कुठे तिच्यात बिछाना, ओटा, पाण्याची टाकी आणि हा छोटा पंप बसला होता. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं.

"व्हॉल्व गळत असेल," हे म्हणाले.

"कालच साफ केलात ना?"

"केला?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग हसले. "हो हो, केला की."

ते हसू मला आवडलं नाही. हल्ली हे फार हसायचे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला तेव्हा मीही हसले होते, चष्मा कोण शोधत नाही? पण एकदा रोजच्या वापरातला पाना हातात धरून "हा कशाचा गं?" असं विचारलं, तेव्हा मी पाना त्यांच्या हातातून काढून पेटीत ठेवला. मी कोणाला बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धुण्याआधी मी खिसे तपासते. ह्यांच्या कालच्या शर्टाच्या खिशात जड काहीतरी लागलं. दोन पितळी झडपा निघाल्या. एक बटणाएवढी, दुसरी चांगली मोठी.

मिस्त्र्याच्या बायकोला एवढं कळतं. नॉन-रिटर्न व्हॉल्वच्या पोटात ही झडप असते. पाणी पुढे निघालं की उघडते, मागे फिरलं की बंद होते. वाळू अडकली की व्हॉल्व खोलायचा, झडप काढायची, घासायची, परत बसवायची. काढलेली झडप जमिनीवर ठेवायची नाही, छातीवरच्या खिशात टाकायची म्हणजे हरवत नाही, ही ह्यांची जुनी शिस्त. ती मोडली म्हणून हाताखालच्या माणसांना किती शिव्या घातल्या असतील, मोजदाद नाही.

लहान झडप राणीची होती. म्हणजे व्हॉल्व बाहेरून जागच्या जागी आणि आत नुसताच पोकळ. पाणी टाकीत उलटं जायचं, दाब उतरायचा आणि पंप बिचारा पुन्हा जागा व्हायचा. दिव्याखाली अंधार, असं म्हणून मी चिडवणार होते, पण दुसरी झडप पुढे केली.

"आणि ही मोठी कोणाची?"

त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि सवयीनं खिशात टाकली. "जुनी असेल एखादी."

"जुनी कुठली? काल हाच शर्ट होता अंगावर. काल कुठे गेला होतात?"

"काल..." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "कुठे गेलो होतो गं?"

मी शर्ट नाकाशी नेला. फवारणीच्या औषधाचा वास आला आणि माझ्या लक्षात आलं. हे काल गुलाबांच्या रोपवाटिकेत गेले होते. तिथल्या बाईंचं घर आणि रोपं एकाच विहिरीवर. पंपाच्या पाइपाचा एक फाटा स्वयंपाकघरात, दुसरा औषधाच्या पिंपाकडे. पिंपात नळी बुडवूनच ठेवायची त्यांची सवय. हे दरवेळी ओरडायचे, "बाई, नळी वर टांगा. पंप थांबला की पाइप मागे ओढतो, औषध विहिरीत जाईल." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं, "तुमचा व्हॉल्व आहे ना, मिस्त्री!"

मी बाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"स्कूटर काढा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

हे नीट चालवत होते. पण रस्ता फुटतो तिथे त्यांनी ब्रेक दाबला आणि पाय टेकून उभे राहिले. ज्या वाटेनं उभं आयुष्य गेले-आले, तिच्यासमोर हा माणूस परक्यासारखा उभा होता.

"डावीकडे," मी म्हटलं.

"माहितीय मला," हे म्हणाले आणि डावीकडे वळले.

रोपवाटिकेत सगळं शांत होतं. पंप बंद होता. पिंपाजवळ कोणी नव्हतं, तरी आतलं दुधाळ पाणी हळूहळू खाली उतरत होतं. मी धावत जाऊन नळी उपसली.

तेवढ्यात बाई घरातून आल्या. हातातल्या तांब्यातून त्यांनी पेला भरला. "अगंबाई, आज जोडीनं? घ्या मिस्त्री, आधी पाणी घ्या."

मी ओरडेपर्यंत ह्यांनी पेला घेतलासुद्धा. ओठांपाशी नेला आणि थांबले. वास घेतला. चेहरा एकदम पूर्वीचा झाला.

"हे कोणी प्यायलंय?"

"सासूबाईंना आत्ताच दिलं, गोळीबरोबर. का हो?"

हे आत धावले. म्हातारी खाटेवर बसली होती, पेला अर्धा रिकामा. "कडू लागलं म्हणून ठेवलं बाई," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून ओकाऱ्या काढायला लागली.

"रोपांचा टेम्पो काढा. औषधाची बाटली बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला लागेल," ह्यांचा आवाज खणखणीत होता. "आणि विहीर उपसल्याशिवाय ह्या पाण्याला हात लावायचा नाही."

बाईंना रडू आवरत नव्हतं. "पण व्हॉल्व कालच साफ केलात ना तुम्ही?"

माल खराब निघाला, असं मी सांगणार होते. अगदी तोंडाशी आलं होतं. ह्यांनी खिशातून झडप काढून बाईंना दाखवली.

"बसवायला विसरलो. चूक माझी आहे."

बाईंनी झडप बघितली आणि सासूबाईंना धरून टेम्पोकडे नेलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

टेम्पो गेल्यावर ह्यांनी व्हॉल्व खोलला, झडप बसवली, एका बाजूनं फुंकर मारली. हवा गेली. दुसऱ्या बाजूनं मारली, गाल फुगले, हवा अडली. मग माझ्याकडे वळले.

"तू बघितलंस ना? बसवली ना मी?"

"बसवली."

परत येताना स्कूटरवर त्यांनी तेच विचारलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. मी दरवेळी हो म्हटलं, पाठीवर डोकं टेकून.

संध्याकाळी फोन आला. म्हातारीचं पोट धुतलं होतं, डॉक्टर म्हणाले धोका टळला, आणि ती चहा मागत होती. मी मोठ्यानं रडले. हे उठून आत गेले आणि त्यांचे होते नव्हते तेवढे शर्ट आणून माझ्यापुढे ठेवले.

"खिसे शिवून टाक."

"अहो, पण चष्मा कुठे ठेवाल?"

"शिव म्हणतो ना."

मी सुई ओवली. एक खिसा शिवून झाला, दुसरा घेतला. राणीची लहान झडप अजून धुण्याच्या दगडावरच पडली होती. बाहेर पंप घर्र करून सुरू झाला.

ह्यांनी दाराकडे बघितलं. "गाडीत कोण आहे गं?"

"कोणी नाही हो," मी म्हटलं, दातानं दोरा तोडला आणि पुढचा शर्ट ओढला.