देवचाराची बाटली

"ह्या वेळेक सगळी संपयल्यान गो बाय! देवचाराक भारीच तहान लागली दिसता," असे पुटपुटत हौसाबाईने माडाच्या बुंध्याशी ठेवलेली रिकामी बाटली उचलली. मागे झावळ्या ओढणाऱ्या सुगंधेने ते ऐकले. सासूला उत्तर द्यायचे नाही म्हणून ती झावळीवरच चिडली.

वाडीचा राखणदार देवचार कुठल्या वाटेने येतो, त्याच्या पायात कुणाच्या वहाणा असतात आणि बाटली रिकामी करून तो कुठल्या खाटेवर घोरतो, हे सुगंधेला डोळे मिटून सांगता आले असते. साऱ्या वाडीलाच सांगता आले असते. पण सांगायचे नाही, अशी रीत! तिच्या नवऱ्याचा, गुरुदासचा हात थरथरला तर ते पित्त. भिंत धरून चालला तर वारा लागला. आणि मागच्या हंगामात त्याने होडी खडकावर घातली, त्याच्या धाकट्या भावाचा, बाबूचा हात मोडला, तेव्हा म्हणे देवचार कोपला! कोपलेल्याला शांत करायला म्हणून हौसाबाई पूर्वी अवसेला ठेवायची ती दारूची बाटली आता दर बुधवारी ठेवू लागली. दारूबंदी होती खरी, पण बांद्याकडून लाकडांच्या भाऱ्यात गोव्याचा माल येई. "देवाच्या कामाक कायदो लागणा नाय," हौसाबाई ठसक्यात सांगे.

आता नारळी पुनव तोंडावर आली. समुद्राला नारळ पडला की होड्या निघणार. सुकाणूवर गुरुदास आणि नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, पुन्हा बाबू!

शेवटी सुगंधा कुंपणापलीकडच्या जुलियानाकडे गेली. जुलियानाचा नवरा वॉल्टर एके काळी देवळासमोर पडलेला असे, चर्चसमोरही. धर्मभेद त्याला नव्हता. आता मात्र सकाळपासून त्याचा रंधा चालू असे.

"वॉल्टरान औषध खंयचा घेतल्यान गो?"

"औषध कसला? गजाली!" जुलियाना हसली. "आयतवारी दुपारी बाप्तिस्त मास्तरांच्या पडवेत बसतत आणि आपापल्या पिण्याच्या गजाली करतत. मास्तरांची स्वताची मुंबैत अशाच बैठकीत सुटली. घेवन ये गुरुदासाक."

"आणि पोलिसांक कळला तर?"

"पडवेतला पडवेतच रवता. मास्तरांचो नेम आसा तो."

घरी गुरुदास उसळला. "माका काय झाला? मी काय रोगी आसंय?"

"बाबूचो हात अजून सरळ होणा नाय," सुगंधा एवढेच म्हणाली. गुरुदासने खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला.

हौसाबाईही निघाली. "किरिस्तावांच्या पडवेत माझ्या झिलाक एकटो सोडूचंय नाय. बाटवतीत!"

पडवीत कुणी कुणाला बाटवले नाही. कोरा चहा आला. वॉल्टर बोलला, "काल बाजारात वास इलो आणि पाय थंयच थांबले. मगे मास्तरांकडे येवन बसलंय." बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. जणू एखाद्याने ताप आल्याचे सांगावे!

गुरुदासची पाळी आली. "माका पित्ताचो तरास," तो चाचरला. "आणि आमच्याकडचो देवचार जरा कडक आसा."

"माझोय कडक होतो," वॉल्टर शांतपणे म्हणाला. "माझेच चपले घालून फिरी."

सगळे हसले. गुरुदासही हसला आणि लगेच त्याचा चेहरा पडला.

मास्तर पुढे झुकले. "गुरुदास, इथं न्याय करायला कुणी बसलेलं नाही. हा आजार आहे. आजाराला देवाचं नाव दिलं की आपण नैवेद्य वाढवतो आणि इलाज राहून जातो. घरची माणसं अब्रूपायी झाकतात. पण झाकून ठेवलेला मासा कधी ताजा झालाय? एकट्यानं हे सुटत नाही, मलाही नाही सुटलं. आम्ही सोबत बसू. पण आजाराचं नाव तुझ्या घरातून यायला हवं. ते मी कसं घेणार?"

गुरुदास उठला. "होडयेचा काम रवला," म्हणत पायरी उतरू लागला. आज गेला तर पुन्हा येणार नाही, हे सुगंधेला लख्ख दिसले. पुनवेचा समुद्र दिसला, बाबू दिसला! ती बाकावरून अर्धी उठली.

वाचकहो, व्यसन जडते एकाला, पण ते झाकायला अख्खे घर राबते. लाजेने राबते, मायेनेही राबते. त्या झाकण्यालाच आपण अब्रू म्हणतो! ते झाकण घरानेच उचलायचे असते, मग ते उचलताना हात कितीही कापोत.

"थांब रे!" बाकाच्या टोकावरून हौसाबाई ओरडली. डोक्यावरचा पदर कधी घसरला तिला कळले नव्हते. गुरुदास पायरीवरच थबकला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिले नाही. ती मास्तरांकडे पाहून बोलली:

"देवचार नाय, मास्तर. माझो झील दारू पिता. आणि ती बाटली मियाच ठेवतंय."