मधलं नाव

झ्लातिनाच्या लग्नातलं आपल्याला खरोखर काय आठवतं आणि काय नंतर मनानेच रचलं, हे आस्पारूह दोयनोव्हला कधीच खात्रीने सांगता आलं नाही. एवढा डॉक्टरेट मिळवलेला माणूस, पण नगरपालिकेच्या विधिगृहात लग्नं, बारशी आणि अंत्यविधी चालवता चालवता सगळे चेहरे त्याच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले होते. त्या दिवशी समोरची वधू त्याची स्वतःची मुलगी होती आणि तिचं नाव घेताना तो संकोचला, एवढं मात्र नक्की. संमती विचारताना नाव पूर्ण घ्यायचं असतं: तिचं, मग बापाचं, मग घराण्याचं. भर सभेत आपलंच नाव मोठ्याने घेणं त्याला मिरवल्यासारखं वाटलं. त्याने ते गाळलं.

"झ्लातिना दोयनोव्हा, प्लामेनशी तू स्वखुशीने विवाह करतेस?"

"हो."

आवाज तिचाच होता. मागून आत्या ओरडली, "अगं, दे की पाय त्याच्या पायावर! नाहीतर जन्मभर तोच नाचवेल तुला!"

गेले कित्येक दिवस झ्लातिना त्याच पायाची बढाई मारत होती. "बाबा, बघाच तुम्ही, बूट फाडते की नाही त्याचा!" पण वधू हलली नाही. शेवटी प्लामेननेच हसत तिच्या पांढऱ्या बुटावर पाय दिला, आणि ती खालीही न बघता तशीच उभी राहिली.

"अरे, थांबलास काय?" बायको स्तांका म्हणाली. "दुसऱ्यांच्या पोरी देताना बरा पोपटासारखा बोलतोस!"

हशा पिकला. नाव पुन्हा घ्यावं, नीट, पूर्ण, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण एवढ्या लोकांत आपली चूक आपणच दाखवायची? त्याने विवाह जाहीर केला. "कडू! कडू!" पाहुण्यांनी रीतीप्रमाणे गलका केला, आणि वाईन गोड व्हावी म्हणून नवऱ्याने वधूचं चुंबन घेतलं.

लेक सणावारी येत राहिली. पूर्वी मिठावरूनही बापाशी हुज्जत घालणारी ती मुलगी आता सूप वाढू का विचारलं तर हो म्हणायची, खिडकी उघडू का विचारलं तर हो, आणि लावू का विचारलं तरी हो. "सुधारली हो पोरगी," स्तांका शेजारणींना सांगायची, आणि मग आत जाऊन नळ सोडून कितीतरी वेळ तशीच उभी राहायची. एकदा लेक बशा पुसत असताना आस्पारूहने मागून हाक मारली, तिन्ही नावांनी. तिने मान वळवली नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी तो विधिगृहाच्या म्हाताऱ्या झाडूवालीकडे, कूनाकडे गेला आणि चाचरत विचारलं, लग्नाच्या दिवशी तिला काही वावगं दिसलं होतं का.

"वावगं कसलं, साहेब? तुम्ही सगळे जेवायला गेलात, मी वधूची खोली बंद करायला गेले, तर तुमची झ्लातिना आत बसलेली. मला वाटलं, काही विसरलं म्हणून परत आली असेल. म्हटलं, अगं, वरात गेली की! तर म्हणते कशी, बाबांनी अजून मला बोलावलंय कुठे?"