राजेश्रीची संगत

ताडकळसपासून दोन कोसांवरच्या गावातली गोष्ट. शाळेला 'तंबाखूमुक्त' असा फलक मिळायला दीड महिना उरला होता आणि नववीतल्या राजेश्रीच्या कंपासपेटीत मिसरीची डबी सापडली. रंगनाथ सरांना घाम फुटला. त्यांनी तिच्या बापाला फोन लावला.

बाप भगवानराव गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. ते आले ते मान वर करून, कारण तोंडात गुटख्याचा रस मावत नव्हता. खिडकीबाहेर पिचकारी मारून त्यांनी लेकीला विचारलं, "कुणाच्या संगतीनं शिकलीस हे?"

घरी आजी दगडाबाई मिसरीसाठी तव्यावर तंबाखू भाजायली होती. "तोंड काळं केलंस की गं आमचं!" असं म्हणून तिनं काळे दात दाखवत कपाळावर हात मारला. माय सुलाबाई एका हातानं डोळे पुसत होती, दुसऱ्या हाताचं बोट दातावर होतं.

"त्या पिंकीचीच संगत," भगवानरावांनी निकाल दिला.

पिंकी राजेश्रीच्या बाकावरची मैत्रीण, बिचारी तिला रोज 'सोड' म्हणायची. सहावीत दाढ ठणकायली तेव्हा पहिली चिमूट लावली होती ती आजीनं. ठणका थांबला, डोकं गरगरलं. "व्हईल सवय," आजी म्हणाली होती. तशी ती झाली. आता दुसऱ्या तासालाच राजेश्रीला मिसरीची तलफ यायची.

सरांनी छापील कागद धाडला: 'आमच्या कुटुंबात कोणीही तंबाखूचे सेवन करीत नाही.' भगवानरावांनी झोकात सही केली. आजीनं अंगठा उठवला. तो मिसरीनं आधीच काळा होता, शाईची गरजच पडली नाही.

राजेश्रीनं पेन खाली ठेवला. "अण्णा, हे खोटं हाय. मला सुटंना गेलंय. दवाखान्यात न्या मला."

"येडी का तू? लोक काय म्हणतील?"

सुलाबाई उठली, न्हाणीत जाऊन खळाखळा चूळ भरली. "मी नेते. माझ्याबी गालात सहा महिन्यांपासून पांढरा चट्टा हाय. कुणाला बोलले न्हाई."

भगवानरावांनी कागद घडी घालून खिशात टाकला.

दोघी एसटीनं परभणीला गेल्या. चट्टा वेळेवर दाखवलात, डॉक्टर म्हणाले, पण मिसरी आजपासून बंद. राजेश्रीचं पहिल्या आठवड्यात डोकं उठलं, ती सगळ्यांवर खेकसली, रडली. सुलाबाईनं दोनदा चोरून लावली आणि दोन्ही वेळा लेकीजवळ कबूल केलं. महिन्याभरात दोघींचं सुटलं.

शाळेला फलक मिळाला. सरांनी राजेश्रीला त्या दिवसापुरतं गैरहजर दाखवलं होतं. भगवानराव 'वाईट संगत' या विषयावर बोलले. भाषण फार आटोपशीर झालं असं लोक म्हणाले. गुटख्यानं त्यांचा जबडा हल्ली दोन बोटांच्या वर उघडत नाही, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी राजेश्री त्यांच्याजवळ जाऊन बसली. "अण्णा, सोमवारी मायला दाखवायला जायचंय. तुमीबी चला."

ते हळूच म्हणाले, "किती वाजता निघायचं?"