माहेरची गाडी

आधीच सांगून ठेवते, विद्यापीठावर माझा राग नाही. विद्यापीठानं माझं काय घोडं मारलंय? माझा राग आहे तो निळ्या कव्हरच्या एका अहवालावर, तो लिहिणाऱ्या माझ्या भाचीवर, आणि आणखी एका बाईवर. त्या बाईकडे मी शेवटी येते. तिला काही घाई नाही.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही सात वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याच घरात. बारावीला असे मार्क पाडले, की म्हटलं आता डॉक्टर नाहीतर वकील. तर ही बया येऊन सांगते, "मावशी, मी श्रम आणि कामाच्या ठिकाणची विषमता या विषयात पदवी करणार."

मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "तीन वर्षं? अगं, आमच्या लॉन्ड्रीत ये. तीन दिवसांत शिकवते, वर चहा पाजते."

ती खरंच आली. तिसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो म्हणे. सरांनी कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीनं परवानगी दिली, आणि ही गळ्यात ओळखपत्र अडकवून आमच्या तळघरात हजर. दोन महिने येत होती. सगळ्या बायकांना मावशी, काकू, आक्का करत फिरायची. मला तर मिरवायला जागा पुरत नव्हती. "माझी भाची," मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्यावर अभ्यास करतेय."

आमची लॉन्ड्री तीन हॉस्पिटलांचे कपडे धुते. आम्ही अकरा बायका. मशीनमधून ओलं कापड बाहेर येतं, ते गाडीत पडतं, गाडी आपल्या टेबलापाशी ओढायची, कापड झटकायचं, रोलरखाली सरकवायचं, घडी घालायची, फळीवर चढवायचं. एकेकीनं दिवसाला सहा गाड्या संपवायच्या. सुपरवायझर दारापाशी उभा राहून गाड्या मोजतो, म्हणून आम्ही त्याला मोजमास्तर म्हणतो. गाडीत काय आहे ते त्यानं कधी पाहिलं नाही. सहा झाल्या की झालं.

आता गाडीगाडीत फरक असतो. डबल चादरी आणि ब्लँकेटं भरलेली गाडी ओढताना कंबर बोलायला लागते. उशांचे अभ्रे आणि नॅपकिन भरले तर तीच गाडी एका हातानं ढकलावी. म्हणून सकाळी जी पहिली येईल तिनं हलकं कापड वेगळं काढून एक गाडी भरायची, असा आमचा रिवाज. त्या गाडीला आम्ही म्हणायचो माहेर. कुणाला ताप, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या घरी मयत झालंय, तर आज माहेर तिचं. विचारायचंसुद्धा नाही, तिच्या टेबलापाशी नेऊन लावायची. बाकीच्यांच्या वाट्याला तेवढं जड जास्त यायचं, पण कधी कुणी तोंड वाकडं केलं नाही. उद्या आपल्यालाही माहेर लागणारच की.

गेली दोन वर्षं मात्र माहेर एकटीचंच होतं. आक्काचं. आक्काचा उजवा खांदा कामातून गेला होता. हात छातीपर्यंत यायचा, त्याच्या वर नाही. वय सत्तावन्न. नोकरीची तीस वर्षं पुरी व्हायला आठ महिने राहिले होते. तीस पुरी झाली की पेन्शन, एक दिवस जरी कमी भरला तरी ठेंगा. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. दहा जणींनी मिळून ठरवलं होतं, आक्काला आठ महिने पार करून द्यायचे. वरच्या फळीवरचं तिचं कापड माझ्या बाजूच्या टेबलाची शेजारीण चढवायची, मधूनच मी.

हे भाचीला कुणी सांगितलं? मीच सांगितलं. जेवायला बसलो होतो, ही म्हणाली, "मावशी, तुमच्यात एकमेकींना मदत कशी होते?" आणि माझी जीभ सुटली. माहेर सांगितलं, आक्काचा खांदा सांगितला, मोजमास्तरला कसं दोन वर्षं गंडवलं तेही हसत हसत सांगितलं.

तिचे डोळे असे चमकले! "वहीत लिहू?"

"लिही की. कळू दे तुझ्या सरांना, आम्हीपण काही कमी नाही."

तिनं लिहिलं. माहेरला तिनं 'अनौपचारिक परस्परसाहाय्य व्यवस्था' असं हातभर लांब नाव दिलं. सर खूश. असं निरीक्षण आजवर कुणी आणलं नव्हतं म्हणे. वर्गात वाचून दाखवलं. आणि परवानगीच्या कागदावर सातवी अट होती, की अहवालाची एक प्रत कंपनीला द्यायची. ती प्रत गेली.

पंधरा दिवसांत दारापाशी गाड्या तोलायचा वजनकाटा आला.

मोजमास्तरनं आम्हाला ओळीत उभं केलं आणि निळ्या कव्हरचा तो अहवाल उघडून वाचायला लागला. एकेक शब्द चघळत वाचत होता मेला. "कामगार क्रमांक चार, वय पंचावन्नच्या पुढे, उजव्या खांद्याला कायमची इजा, त्यांना हलकी गाडी दिली जाते." मग अहवाल मिटला आणि म्हणाला, "आता क्रमांक चार कोण, ते मला कुणी सांगायची गरज नाही. पण कंपनी न्यायानं वागते. शुक्रवारी सगळ्यांची चाचणी. बारा ओल्या चादरींचा गठ्ठा उचलून वरच्या फळीवर ठेवायचा. जमलं नाही तिची फाइल त्याच दिवशी वर जाईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन भाचीला असं फैलावर घेतलं की शेजारचे दार उघडून बघायला लागले.

"पण मावशी, मी नाव कुठे घातलंय? सगळ्यांना क्रमांक दिलेत. सर म्हणाले, निनावी ठेवलं की कुणाला त्रास होत नाही."

"अगं ए शहाणे! अकरा बायका आहोत आम्ही. पंचावन्नच्या पुढची एक. खांदा गेलेली एक. नाव घालायचं राहिलंच कुठे? तीन वर्षं काय शिकलीस गं? आपण लिहिलेला कागद कुणाच्या टेबलावर जाऊन पडतो, एवढं शिकवत नाहीत तुमच्या विषयात?"

ती रडली. रडू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी सगळ्यांना गोळा केलं. ऐका, म्हटलं. शुक्रवारी एकीनंही गठ्ठा उचलायचा नाही. प्रत्येकीनं म्हणायचं, साहेब, खांदा दुखतो, वर पोचत नाही. आणि खोटं काय त्यात? कुणाचा दुखत नाही? अकरा जणींना तो घरी पाठवू शकत नाही, दुपारी बारापर्यंत तीन हॉस्पिटलांना चादरी जायला हव्यात. बघू तर खरं, ऑपरेशन टेबलावर काय आपला शर्ट अंथरतो का!

सगळ्या हसल्या. शेजारणीनं टाळी दिली. आक्का बाकावर बसली होती, ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं नको गं." मी म्हटलं, "आक्का, तू गप बस. आठ महिने म्हणजे आठ महिने."

शुक्रवारी मोजमास्तर टेबलांच्या क्रमानं सुरू झाला. पहिलं टेबल माझं.

कंपनीची एक बाई कागद घेऊन खुर्चीत बसली होती. गठ्ठा खाली ठेवलेला, त्यातून पाणी ठिबकत होतं. मोजमास्तरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कागदाकडे बघत म्हणाला, "उचला."

आणि मी उचलला.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल की घाबरली असेल. तसंच म्हणा, पण ते खरं नाही. मला घाबरायला वेळच मिळाला नाही. बावीस वर्षं तो माणूस उचला म्हणतोय आणि मी उचलतेय. त्यानं म्हटलं, मी वाकले, गठ्ठा छातीशी घेतला आणि एका दमात वरच्या फळीवर ठेवला. फळी करकरली. खुर्चीतल्या बाईनं कागदावर खूण केली. मग मी हात पुसले, आणि हात पुसता पुसता मला कळलं की मी काय केलं.

शेजारणीनं माझ्याकडे पाहिलं. पुढे झाली आणि तिनंही उचलला. मग तिसरीनं. मीच उचलला तर त्या कशाला मरतील? एकापाठोपाठ एक दहा गठ्ठे गेले. कुणी कुणाकडे बघेना.

आक्काचं टेबल शेवटचं. तिनं म्हणायला हवं होतं, साहेब, खांदा दुखतो. तिनं तसं म्हटलं नाही. ती वाकली, डाव्या हातानं गठ्ठा धरला, उजवा खाली सरकवला आणि उचलायला लागली. छातीपर्यंत आला. चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं दात आवळून आणखी चार बोटं वर नेला आणि मग गठ्ठा तिच्या पायांवर पडला. मोजमास्तर म्हणाला, "ठीक आहे, आक्का, बसा." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला आक्का म्हटलं.

संध्याकाळी तिनं खुंटीवरचा एप्रन काढून त्याची घडी घातली. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, आक्का, मला दोन शिव्या दे. ती म्हणाली, "जाऊ दे गं, तुझ्या घरी शिकणारी पोर आहे." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आले तर भाची टेबलापाशी बसलेली. समोर तोच अहवाल. सोमवारी शेवटचं सादरीकरण होतं. "मावशी," ती म्हणाली, "मी ते पान काढून टाकतेय. मार्क गेले तर गेले. सरांना तसं सांगितलंय."

"काढू नकोस," मी म्हटलं. "आता काढून आक्काची नोकरी परत येणार आहे का? त्याच्याखाली लिही. मी सांगते."

तिनं पेन घेतलं.

"लिही. माहेर बंद झालं. आक्काला आठ महिने उरले असताना घरी पाठवलं. चाचणीच्या दिवशी कुणीही गठ्ठा उचलायचा नाही असं बायकांनी ठरवलं होतं. क्रमांक एकनं ठरवलं होतं. आणि पहिला गठ्ठा क्रमांक एकनंच उचलला."

पेन थांबलं. तिनं वर पाहिलं. क्रमांक एक कोण, हे तिला माहीत होतं, क्रमांक तिनंच दिले होते.

"का उचलला?" तिनं अगदी हळू विचारलं.

"हा प्रश्न आहे तुमच्या प्रश्नावलीत?"

"नाही."

"मग घाल. आणि उत्तर लिही. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी दमही दिला नाही. उचला म्हटलं, तिनं उचलला."

ती लिहीत होती, नाक ओढत होती. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. अक्षर लहानपणापासून सुंदर आहे तिचं.

"आणि हे बघ," मी म्हटलं, "क्रमांक एक खोड. तिथं माझं नाव घाल. आडनावासकट."

"मावशी, नियमात बसत नाही. आणि कंपनीनं वाचलं तर तुलाही..."

"वाचू दे. घाल म्हणते ना!"

तिनं खोडलं आणि नाव घातलं. मी चष्मा लावून वाचून बघितलं. बरोबर लिहिलं होतं.