काळ्या मातीचा प्रसाद

या, असे जवळ सरकून बसा. टाळ जरा बाजूला ठेवा. नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका बालवाडीची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे.

बाहत्तर-त्र्याहत्तरचा सुमार. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामामागं प्रेमिलाबाईंची बालवाडी भरे. बाई जीव लावणाऱ्या, पण एक रुखरुख त्यांना होती. काटोलकडून आलेली चार वर्षांची शामला वर्गात तोंडच उघडत नसे. तिचा बाप गोविंदा गोदामात हमाल. तो म्हणे, "घरी तर पोपटावानी बोलते बाई!" त्या पोपटाचा एक शब्द आपल्या कानी पडावा, एवढीच बाईंची आस.

एका सकाळी बाईंनी परातींत काळी माती, तांबडा मुरूम, कन्हान नदीची रेती आणि नाल्यातले गोटे मांडले.

"डोळे मिटा अन् हातानं ओळखा!"

मग काय, नुसता कल्ला! मुरमात हात घालून चंपत ओरडला, "बाई, हे टोचून राहिलं!"

"रेती तर पळून राहिली हातातून," सुमती खिदळली.

शामला काळ्या मातीपाशी बसली. तिनं मूठ भरली, हुंगली, आणि चेहरा असा उजळला म्हणता! चिमूट कपाळाला लावली, कणभर जिभेवर ठेवली. ओठ हलले. बोलणारच होती पोर.

तेवढ्यात बाईंचा फटका तिच्या हातावर बसला. "छी! माती काहून खाते वं? जंत होतील नं पोटात!" नळावर नेऊन चूळ भरायला लावली, हात खसखसून धुतले. पोरांना तेवढंच हवं होतं. "मातीखाऊ! मातीखाऊ!" बाईसुद्धा हसल्या. ते हसू पुढं त्यांना जन्मभर बोचलं.

शामला यायची बंद झाली. काही दिवसांनी बाई तिच्या खोलीवर गेल्या. आई कौसल्या भाकरी थापत होती. बाईंनी घडलं ते सांगितलं, तसे तिचे हात थांबले.

"बाई, तिचा आबा पेरणीआधी असंच करे. कपाळाले माती लावे, कणभर जिभेवर ठेवे, म्हणे मायचा प्रसाद हाय. हिलेही देई. मग दोघं संगच म्हणत, 'भरून दे वं माय.' औंदा आबा गेला, अन् आमी इकडे आलो."

कीर्तनात धरणीमातेचं आख्यान लागलं की डोळे पुसणाऱ्या बाई त्या! आणि डोळ्यांसमोर एवढीशी पूजा चालली होती, ती त्यांनी नळाखाली धुऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी त्या पदरात काळी माती घेऊन पुन्हा त्या खोलीवर गेल्या. शामलासमोर बसल्या, स्वतःच्या कपाळाला चिमूट लावली.

"घे वं बाळा, आबासारखं कर. माझं चुकलं."

शामला मागं सरकली. दोन्ही तळवे उघडून तिनं पुढं धरले, आणि तो आवाज बाईंच्या कानी पहिल्यांदा पडला.

"मी नाई खाल्ली बाई. हात धुतले मी."

पुढं पोर बालवाडीत आली, बोलली, गाणीही म्हणू लागली. मातीच्या परातीपाशी मात्र ती कधीच बसली नाही.

आज घरी देवापुढं दिवा लावाल, तेव्हा त्या शामलाचं नाव एकदा घ्या. एवढंच मागणं आहे माझं.