बरी पेशी ओळखणारं औषध

लातुरात मी जीवशास्त्राचे क्लास घेतो. विरूपाक्ष सर म्हटलं की पोरांचे आईबाप चपला बाहेर काढून आत येतात, आणि मीही ते खुशाल करवून घेतो.

त्या रविवारी सकाळी मी फारच रंगात आलो होतो. सांगितलं, एचआयव्ही आपल्या संरक्षक पेशींतच दडून बसतो. रोजच्या गोळ्या त्याला वाढू देत नाहीत, पण दडलेल्याला संपवतही नाहीत. आता असं औषध शोधताहेत, की फक्त बाधित पेशी मरावी आणि निरोगी पेशीला धक्का लागू नये. लगेच चाचणी घेतली. एकत्र जेवल्याने एचआयव्ही पसरतो का? साठांपैकी साठ पोरांचं उत्तर बरोबर! धन्य झालो.

ही साठही पोरं अयोध्याबाईंच्या मेसमध्ये जेवायची. त्र्याण्णवच्या भूकंपात बारा वर्षांच्या अयोध्याचा पाय भिंतीखाली सापडला. रक्त चढवलं म्हणून ती वाचली. त्या रक्तासोबत काय आलं, ते फार उशिरा कळलं. गोळ्या घेत, लंगडत तिने मेस उभी केली. मला हे ठाऊक होतं. माझा डबा तिचाच असायचा.

त्याच दुपारी जेवताना आमच्या क्लासमधल्या यज्ञेशने तिच्या फळीवरच्या गोळ्यांच्या बाटलीवरचं नाव वाचलं. दुसऱ्या गावात ते कुणाला कळलंही नसतं. इथे ते माझ्याच नोट्समध्ये होतं, ठळक अक्षरांत. संध्याकाळी मेसमध्ये एकही ताट लागलं नाही.

सोमवारी दुपारी अयोध्याबाई डबा घेऊन थेट वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या.

"सर, पोरं जेवायला येईनात. मेस बंद पडंल माझी. तुमी यांच्यासमोर दोन घास खावा, बास. तुमचं ऐकतेत."

साठ तोंडं माझ्याकडे वळली. पुढच्याच आठवड्यात नव्या बॅचचे प्रवेश सुरू होणार होते.

"आज सोमवार ना, बाई. उपवास आहे."

सहा वर्षं दर सोमवारी मी तिच्याच हातची भाकरी आणि ठेचा खात आलो होतो. तिने उघडलेलं झाकण परत लावलं.

"काल पोरं सांगत व्हती, सर. ते नवं औषध बरी पेशी वळखतं म्हनं? तिला हात लावत न्हाई?"

"हो."

"लई हुशार हाय. कुन्या क्लासला व्हतं?"

कुणी हसलं नाही. ती जिना उतरून जाईपर्यंत मी फळ्याकडे तोंड करून उभा होतो. लाज वाटत होती, आणि सपाटून भूकही लागली होती.